मेलेल्याचं सोंग

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, आणि टाळायला दर वेळी माझ्याकडे चांगलं कारण होतं. आधी बाप जिवंत होता. मग चांगुणाकाकी जिवंत होती. मग मुलांची लग्नं व्हायची होती. आता कारणं संपली आहेत, आणि ती संपल्यावर मला त्या कारणांचाच संशय यायला लागला आहे.

गेल्या दिवाळीनंतर पनवेलच्या कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडे आली. ती धवले गोळा करत होती. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागायची. हळद कांडण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती म्हणायची, आणि तिनं म्हटल्याशिवाय तो विधी झाला असं कुणी मानत नसे. मुलीनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि विचारलं, काका, तुमच्या गावची धवलारीण एवढी नावाजलेली, आजूबाजूच्या गावांत आजही थोडेफार धवले चालतात, मग तुमच्याकडेच ते इतक्या आधी कसे बंद पडले?

मी म्हणालो, काळ बदलला. मिठागरं गेली, बँड आले.

तिनं मान डोलावली. मला ते मान डोलावणं आवडलं नाही. मी विचारलं, तुझी आई कुठली? ती म्हणाली, पेणची. माझा विश्वास बसला नाही. तिच्या हनुवटीत मला आमची धवलारीण, चांगुणाकाकी, दिसायला लागली होती. चहा न घेता ती गेली, आणि माझं वाक्य तिच्या मोबाइलमध्ये गेलं. ते एव्हाना कुठे तरी छापलंही गेलं असेल. ते खोटं आहे.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी गावाच्या जागेवर गेलो. गाव आता नाही. जिथे आमचा होळीचा माळ होता तिथे विमानतळाची भिंत आहे, भिंतीवर काटेरी तार आहे. पहारेकरी म्हणाला, "चाचा, यहाँ रुकना मना है." मी म्हणालो, नुसता बघतोय. तो माझ्याकडे संशयानं बघत राहिला. त्याचं काही चुकलं नाही.

ओहोटी होती. खाडीच्या बाजूनं तो वास आला.

मिठाला वास नसतो असं म्हणतात. ज्यांनी मिठागरात दुपार काढलेली नाही ते असं म्हणतात. उन्हानं तापलेल्या उथळ पाण्याला एक वास असतो, बांधावरच्या सुकत्या चिखलाला निराळा, आणि नव्या मिठाच्या राशीजवळ उभं राहिलं की नाकाच्या मुळाशी काही तरी थंड झोंबतं. लाकडी फळीनं मीठ ओढताना खरखर आवाज व्हायचा. दूर कर्नाळ्याचा सुळका धुरकट दिसायचा. बाया टोपल्या डोक्यावर घेऊन अरुंद बांधावरून एकामागे एक जायच्या, आणि त्यांच्या पुढे चांगुणाकाकी असायची, कारण पावलं तिच्या गाण्यावर पडायची. लग्नसराई नसली तरी ती धवलेच म्हणायची. नवरीला हळद लावायच्या गाण्यावर आमच्या गावानं किती मीठ वाहिलं असेल, देव जाणे.

तिचा आवाज गोड नव्हता. जाड होता, थोडा फाटलेला. पण तो उघड्या खाजणावर पसरायचा आणि खाडीपलीकडे ऐकू जायचा.

तिचं घर बांधाच्या तोंडाशी होतं. मी पनवेलच्या शाळेतून चालत यायचो तेव्हा ते पहिलं लागायचं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी सुक्या बोंबलाचं कालवण. मी जेवायचो आणि तिला नकला करून दाखवायचो. मला नकला यायच्या. एसटीचा कंडक्टर, मोरा बंदराच्या लाँचवरचा तिकीटवाला, आमचे गणिताचे मास्तर. एकदा मी तिचीच नक्कल केली, डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून. ती भाकरी थापायची थांबली. मग इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. नंतर तिनं मला बरेच धवले शिकवले, मुलगा असून. म्हणाली, गळा कोनाचा का असंना, गानी जगली पायजेत.

तिचा नवरा हिराजी. मिठागराचा मुकादम.

तो निर्दोष होता असं सांगायला मी हे लिहीत नाही, हे आधीच सांगतो, कारण अशा आठवणी लिहिणारे शेवटी मेलेल्याला धुऊन काढतात आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. हिराजीनं जे केलं ते केलं. जमिनी घ्यायला सरकारी मोजणी आली तेव्हा कुठला बांध कुणाचा ते त्यानं हिंडून दाखवलं. मोजणी अडवणारे लोक पोलिसांच्या भीतीनं खाडीतल्या तिवरांच्या झाडीत लपले, तेव्हा कुठल्या तिवरांत, तेही त्यानं दाखवलं. त्यात माझा बाप होता. बाप काही आठवड्यांनी कोठडीतून सुटून आला, पण त्याचा डावा हात परत खांद्याच्या वर गेला नाही.

त्या दिवसांचं मला जे आठवतं ते बोलण्याचं थांबणं. चहाच्या टपरीवर कुणी आलं की आधीचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. कुणी नवा शर्ट घातला तर कुठून आला हे कुणी विचारायचं नाही, फक्त बघायचं. बाया विहिरीवर कळशी भरताना एकमेकींच्या हातांकडे बघायच्या. मी काकीच्या घरी जेवणं बंद केलं. तिच्या दारावरून जाताना आतून हाक यायची, "बाला, जेवलास काय?" मी हो म्हणून पुढे जायचो. त्या हाकेचाही मला संशय यायचा. हिला घरातलं काय काढून घ्यायचं असेल?

आता सोंगाबद्दल सांगायला हवं.

आमच्या गावात शिमग्याला, धुळवडीच्या दुपारी, प्रेताचं सोंग निघायचं. वर्षभरात ज्याच्यावर गावाचा राग असेल त्याची लटकी प्रेतयात्रा. बांबूची तिरडी, तिच्यावर त्याच्यासारखे कपडे घालून झोपलेला एखादा पोरगा, पुढे ढोलकी, आणि मागे लुगडं नेसून छाती बडवणारी त्याची लटकी बायको. यात्रा त्याच्याच दारावर न्यायची. त्यानं बाहेर यायचं, सगळ्यांच्या बापांचा उद्धार करायचा, तिरडीवर पाण्याची घागर ओतायची, आणि मग सगळ्यांना बसवून खाऊ घालायचं. बस, राग संपला. ज्याचं सोंग निघेल त्याचं आयुष्य वाढतं असंही म्हणत. मिठाचं काम भराला आलेलं असायचं, उद्या त्याच बांधावर त्याच माणसाशेजारी उभं राहायचं असायचं. त्यासाठी हे सगळं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटायचं, मजा.

एका वर्षी, मोजणी यायच्या खूप आधी, हिराजीचंच सोंग निघालं होतं, मजुरांना उन्हात उभं ठेवतो म्हणून. बायको मी झालो होतो. मला मिसरूड फुटलेलं नव्हतं आणि नक्कल यायची, म्हणून दर वर्षी बायको मीच. हिराजी झाडू घेऊन बाहेर आला. मी गळा काढून रडत होतो. माझ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "नीट रड गो. एवऱ्याशा रडन्यान मी मरनार नाय." चांगुणाकाकी दारात पोट धरून हसत होती. त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या अंगणात जेवलो.

मग मोजणी आली, आणि त्यानंतर कधी तरी, शिमग्याच्या तोंडावर, हिराजी खरोखर मेला. तापानं.

गावानं दारं लावून घेतली. कुणी ठरवलं असं नाही. सकाळच्या त्या वेळी गावात कधी नसायची इतकी शांतता होती, आणि कुठल्याशा घरातून गूळ वितळल्याचा वास येत होता. कुणी तरी गोड करत होतं. मी काकीच्या घराच्या मागे गेलो, शेवग्याच्या झाडाखाली, जिथे तिच्या चुलीची खिडकी होती. मी खांदा द्यायला गेलो होतो आणि हिंमत झाली नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता त्यावर माझा विश्वास नाही. मी ऐकायला गेलो होतो. तिचा आवाज रडताना कसा लागतो हे मला ऐकायचं होतं.

ती रडत होती ते गाण्यासारखंच होतं. आमच्याकडे बायका तशाच रडतात, मेलेल्याशी बोलत, ओळीमागून ओळ. तिनं त्याला सांगितलं की तुझी चप्पल दारात आहे, अनवाणी तापल्या बांधावरून कसा जाशील. सांगितलं की गावाशी बोलला नाहीस तर नाहीस, माझ्याशी तरी बोलून जायचं होतंस. आणि मग ती ओळ आली, जिच्यावर ती पुन्हा पुन्हा येत होती:

"धन्या, तुला उचलाला चौघं कुठून आनू?"

दुपारी जासईहून तिचे भाऊ आले तेव्हा प्रेत उचललं गेलं. तोवर मला ती ओळ पाठ झाली होती. हेल कुठे वर जातो, श्वास कुठे तुटतो, सगळं.

शिमगा आला. सोंग कुणाचं काढायचं हा प्रश्नच नव्हता. जनू आमच्या टोळीचा पुढारी, माझाच सोबती. तो म्हणाला, मुकादमाची परत यात्रा काढू, खऱ्या यात्रेला गाव नव्हता. सगळे हसले. पण तिरडीवर झोपायला कुणी तयार होईना. दर वर्षी त्या जागेसाठी भांडणं व्हायची, त्या वर्षी एकानंही अंग पुढे केलं नाही. शेवटी सदऱ्यात पेंढा भरला आणि वर हिराजी घालायचा तसली टोपी ठेवली. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

ढोलकी माझ्या बापाची. हात वर जात नसला तरी ढोलकी वाजवता यायची. तो माळावर आला, पेंढ्याकडे पाहिलं, आणि ढोलकी गळ्यातून काढली.

"सोंग जित्याचा काढतान," तो म्हणाला. "त्याला समजला पायजे. त्यानं शिव्या घातल्या पायजेत. हा काय समजनार?"

जनू म्हणाला, "काका, तुमाला पन पैसा पोचला काय तिकरून?"

ज्याचा हात गेला त्यालाच हा प्रश्न. बापानं ढोलकी चांगल्या खांद्यावर टाकली आणि घराकडे चालू लागला. मी त्याच्या पाठीकडे पाहत होतो, आणि मला शरम सांगायची आहे ती हीसुद्धा, की मला क्षणभर वाटलं, खरंच पोचलं असेल का?

आम्ही रॉकेलचा डबा बडवत निघालो.

मी लुगडं नेसलो होतो, पदर तोंडावर ओढलेला. आई माहेरी गेलेली, लुगडं तिचंच. काकीच्या दारासमोर तिरडी ठेवली. दार लोटलेलं होतं. खिडकीत काळोख होता आणि त्या काळोखात गजांवर दोन हात होते. मी खाली बसलो, छाती बडवली, आणि रडलो. माझ्या आवाजात नाही. चप्पल दारात आहे म्हणालो, माझ्याशी तरी बोलून जायचं होतंस म्हणालो. लोकांना या ओळी ठाऊक नव्हत्या, पण आवाज ठाऊक होता. हसू पिकायला लागलं. मग मी तो हेल चढवला, अगदी तिथे जिथे तिनं चढवला होता. धन्या, तुला उचलाला चौघं कुठून आनू? आणि आधी ठरवल्याप्रमाणे सगळी पोरं तिरडीवर तुटून पडली. आमी हाव, आमी हाव, म्हणत चाळीसएक खांदे त्या पेंढ्याला लागले. काही म्हातारी माणसंही हसत पुढे झाली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक पुन्हा झालं नाही.

गजांवरचे हात तसेच होते. दार उघडलं नाही, घागर ओतली गेली नाही, शिव्या आल्या नाहीत. आम्ही थोडा वेळ थांबलो, कारण सोंग तसं संपत नाही. ते कसं संपवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी तिरडी तिच्या अंगणातच टाकून आम्ही पांगलो.

त्या वैशाखात पहिलं लग्न आलं तेव्हा बोलावणं घेऊन बाया काकीकडे गेल्या. ती म्हणाली, गळा गेला. दुसऱ्या लग्नालाही तेच. विधवा झाली म्हणून असेल, असं गावानं ठरवलं आणि गावाला ते सोयीचं होतं. माझ्या लग्नात पनवेलहून बँड आला. हळद लागताना बाया एकमेकींकडे पाहत होत्या, सुरुवात कुणी करायची ते न कळून. मला हळदीचे धवले येत होते. मी पाटावर गप्प बसलो होतो.

माझ्या बायकोला वाटतं मी कडवट आहे. मागे दूरच्या देशात कुणी तरी मारला गेला, वाईटच माणूस होता, आणि आमच्या सोसायटीत फटाके लागले. सेक्रेटरी पेढे घेऊन दारात आला. मी म्हणालो, साखर वाढलीय. तो गेल्यावर बायको म्हणाली, शत्रू मेला तरी तुमचं तोंड असंच. मी तिला म्हणालो, नरकचतुर्दशीला आपण कारीट फोडतो, डाव्या पायाच्या अंगठ्यानं, नरकासुर मेला म्हणून. मग त्याची बी जिभेला का लावतो? एवढं कडू फळ कुणी शोधून काढलं असेल? ती म्हणाली, पद्धत आहे. असेल. पण ज्यानं ती पद्धत घातली त्यानं कधी तरी कुणाच्या तरी मरणावर मनापासून हसून पाहिलं असावं, असा माझा संशय आहे.

हिराजीचा राग मला आजही आहे. बापाचा हात आठवला की येतो. तो जिवंत असताना मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो तर आज मला काही वाटलं नसतं. पण त्याच्या मरणाचा आनंद त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हता. तो जिच्यापर्यंत पोचला, तिनं कुठलाच बांध कुणाला दाखवला नव्हता.

ती मी होते हे तिला कळलं का, हा प्रश्न मी चाळीसहून जास्त वर्षं बाळगला. होतो म्हणायला हवं, पण लुगड्यातल्या त्या मला मी अजून बाईच समजतो. पदर तोंडावर होता. पण त्या ओळी फक्त शेवग्याखाली उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असणार होत्या, आणि तो आवाज दुसऱ्या कुणाला येत नव्हता. ती बाजारात भेटायची तेव्हा, कसा हायस, म्हणायची. मी तिच्या डोळ्यांत शोधायचो. तिथे काही सापडायचं नाही, आणि न सापडण्याचा मला जास्त संशय यायचा.

काही वर्षांपूर्वी, गाव उठलं त्यानंतर, मी तिला भेटायला गेलो. ती मुलीकडे, सुमनकडे, उलव्याच्या एका उंच इमारतीत राहत होती. जाताना रिक्षात मी वाक्य तयार केलं होतं. आधी शहरी मराठीत केलं, ते अर्जासारखं वाटलं. मग गावच्या बोलीत केलं, जी मी घरातही बोलत नाही.

काकी पलंगावर बसली होती, लहान झालेली, खिडकीकडे तोंड करून. सुमननं माझं नाव मोठ्यानं सांगितलं. काकीनं माझा हात धरला आणि सोडला नाही. सुमन म्हणाली, हल्ली तिला कालचं आठवत नाही, जुनं कधी आठवतं कधी नाही. मग ती चहा टाकायला आत गेली. मी वाक्याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात काकीच बोलली.

"तवा तू बरा रडलास."

मी हात तसाच तिच्या हातात ठेवला.

"सगला गाव दारा लावून बसला," ती म्हणाली. "एक मानूस आयला नाय. तू आयलास. माज्या दारान बसून रडलास. मना दिसला ना खिडकीतून."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तिथे टोमणा आहे का ते शोधलं. डोळ्यांच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांत. ती पूर्वी टोमणे मारताना डावी भुवई उचलायची. भुवई जागची हलली नव्हती. मग हे म्हातारपण होतं? इतक्या वर्षांत तिनं त्या दुपारमधून हसू, डबा, पोरं सगळं गाळून टाकलं आणि रडणं तेवढं ठेवलं, असं होतं? की तिला सगळं नीट आठवत होतं, आणि ही तिची शिक्षा द्यायची रीत होती? की ते माफ करणं होतं? मला अजून कळलेलं नाही. तिनं माझा हात थोपटला आणि म्हणाली, कोन तरी रडला पायजे ना रे.

ती जर खरंच तसं समजत असेल तर माझी माफी तिच्याकडून तेवढंही काढून घेणार होती. तिच्या नवऱ्यासाठी गावातला एक माणूस रडला होता, तोही राहिला नसता. म्हणून मी गप्प राहिलो, असं मी सुमनच्या लिफ्टमधून उतरताना स्वतःला सांगितलं. हेही एक चांगलं कारण होतं. माझ्याकडची सगळी कारणं चांगली असतात.

काकी गेली ते मला सुमनच्या फोनवरून कळलं. ते वाक्य अजून माझ्याकडे आहे, रिक्षात जसं जुळवलं होतं तसंच.

काकी, त्या दिशी लुगड्यान मी होतू, पन मी रडत नवतू. मी लोकांना हसवत होतू. माजा चुकला.